चौकटीचे कान

"आई, दाराच्या फोटोनंतर काहीच आलं नाही गं."

"अरे, ओटा पाठवला, झोपाळा पाठवला. तुमच्याकडे फोटोंनाही हॉटेलात कोंडून ठेवतात की काय?"

वेंटवर्थव्हिलच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेला चंद्रहास हसला, पण गलबललाही. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा वर्षभराहून अधिक काळ बंद. इकडे मिरजेचं घर विकलं गेलं होतं आणि येत्या रविवारी आई कायमची नागपूरला मावशीकडे निघणार होती. त्याआधी घर एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून त्याने तिच्यासाठी एक वेब पेज बनवलं होतं. पेजवरच्या चौकटीत फाइल निवडली की फोटो थेट इकडे. आईचा फोन बटणांचा, कॅमेरा बाबांचा, आणि कॉम्प्युटर असा, की तो सुरू होईपर्यंत कृष्णेला पूर येऊन ओसरावा. त्यातला ब्राउझर तर त्याच्या जन्मदात्यांनीही कधीच सोडून दिलेला.

"तू फोटोंना नाव काय देतेस?"

"चंदू."

"सगळ्यांना?"

"मग? तुलाच पाठवायचेत ना? जुन्यावर नवा ठेवते. पसारा नको."

तिथेच घोडं अडलं होतं. चौकटीत आधीचा चंदू बसलेला. पुन्हा चंदूच आला की चौकटीला वाटे, हा तर आलेलाच आहे, आणि ती ढिम्म हलत नसे. प्रत्येक फोटोनंतर ती रिकामी करायला हवी. चंद्रहासच्या ब्राउझरला त्यासाठी जावास्क्रिप्टची एक ओळ पुरे. आईचा म्हातारा ब्राउझर मात्र सुरक्षेचं कारण सांगून हटून बसला.

"दुसरं नाव दे ना. ओटा, झोपाळा, काहीही."

"नाव नाही बदलायची मी. तू एवढा इंजिनीअर, तुझी पेटी बदल."

मग त्याने दर फोटोनंतर जुनी चौकट उपटून तिच्या जागी हुबेहूब नवी बसेल असं केलं.

"दोनदा निवडला रे," आई स्पीकरवरून म्हणाली. "तुझी पेटी आता बहिरी झाली."

खरंच होतं. जुन्या चौकटीला लावलेले कान, म्हणजे फाइल निवडल्याची चाहूल घेणारा कोड, तिच्याबरोबरच गेले होते.

"तुझ्यासारखीच की," हॉस्पिटलच्या शिफ्टवरून आलेली त्याची बायको सुरुची मास्क काढत म्हणाली. "चहा घेतोस का, तिसऱ्यांदा विचारतेय."

त्याने दर नव्या चौकटीला कान जोडायची सोय केली. मग फोटो येऊ लागले. ओटा. झोपाळ्याच्या कड्या. न्हाणीघरातला बंब. चाक नसलेली त्याची सायकल. दर फोटोला आई विचारी, "आला चंदू?" आणि तो म्हणे, "आला."

शेवटचा फोटो माजघराचा. सामान हललेलं, नुसती फरशी. तिच्यावर आईची लांब सावली, दोन्ही हातांनी कॅमेरा धरलेली.

"आला?"

"आला गं."

"मग वायर काढते. भंगारवाला कॉम्प्युटरसाठी अंगणात खोळंबलाय."

फोन ठेवला गेला. स्क्रीनवर सावलीखाली नवी चौकट उमटली होती. रिकामी, कान देऊन बसलेली. चंद्रहासने ते पेज बंद केलं नाही. सुरुचीनेही लॅपटॉप न हलवता टेबलाच्या उरलेल्या कडेला दोन ताटं मांडली.