ग्राफिक्स कार्डाचं माप

बुधवारी सकाळी सुनेच्या कॉम्प्युटरवर हिरव्या रेघा आल्या आणि दुपारपर्यंत पडदा काळाठिक्कर. ती घरी बसून सुताराला स्वयंपाकघरांची चित्रं करून देते. कपाटं, ओटा, खिडकी, सगळं गरागरा फिरवून दाखवता येतं अशी. शुक्रवारी सकाळी सुतार गिऱ्हाइकाला घेऊन आमच्याच घरी येणार होता. चित्र दिसलं नाही तर काम दुसरीला देईन, असं त्याने फोनवर तोंडावर सांगितलं होतं. सून रडली नाही, पण एकच पातेलं तिने तीनदा घासलं. मला कळायचं ते कळलं.

मुलाने कॉम्प्युटरचा डबा उघडला, फुंकर मारली आणि मोठ्या डॉक्टरचा आव आणून म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं. पडद्यावर चित्र काढणारा भाग असतो तो. दहा वर्षं चाललं, आई."

"मग नवं आणू. त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

मी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. गळ्यातली टेप काढली, डबा मोजला आणि आकडा पुठ्ठ्यावर खडूने लिहिला: पस्तीस सेंटिमीटर.

गुरुवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने आधी विटेएवढं, तीन पंख्यांचं कार्ड काढलं. आमच्या चिरंजिवांचे डोळे बशीएवढे झाले.

"कुणासाठी घेतोयस?" मी विचारलं. "तुझ्या बंदुकांच्या खेळासाठी की हिच्या कपाटांसाठी?"

"मावशी, मोठंच घ्या," दुकानदार म्हणाला. "पुढची पाच वर्षं बघायला नको."

"वाढत्या अंगाचे कपडे पोरांना शिवतात. आमचा डबा म्हातारा आहे, तो काय वाढणार? वीज किती खातं हे?"

"त्यासाठी पॉवर सप्लाय बदलावा लागेल. आणि डबाही, बहुतेक."

"म्हणजे शर्टाला बसेल असा नवा माणूस आणायचा!"

सून पदरात तोंड लपवून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

दुसरं कार्ड एवढंसं होतं. ते मला आवडलं होतं, पण सुनेने उलटून पाहिलं आणि खाली ठेवलं. "अहो आई, याची मेमरी कमी आहे. माझं चित्र यात अडकत अडकत चालेल."

तिसरं मधलं होतं. दोन पंखे, मेमरी पुरेशी आणि आहे त्या पॉवर सप्लायवर चालणारं. मी म्हटलं, "चालवून दाखवा."

"मावशी, असं कुणी मागत नाही हो."

"मी मागतेय ना. ब्लाउज अंगात घालून बघितल्याशिवाय कुणी माझ्याकडून नेला नाही. पोरी, काढ तुझा चित्रांचा पेन ड्राइव्ह."

नाइलाजाने त्याने आपल्या कॉम्प्युटरला ते लावलं. सुनेने स्वयंपाकघर फिरवलं, कपाटाचं दार उघडलं, मिटलं. कुठे अडलं नाही. "हेच," ती म्हणाली. कार्ड अठ्ठावीस सेंटिमीटरचं होतं. मी पुठ्ठा पुढे केला. "पस्तीस आहेत आमच्याकडे. ढगळ होईल."

घरी आल्यावर ढगळ काही झालं नाही. कार्ड आत जाईचना. पुढच्या पंख्याला अर्ध्या बोटाने अडत होतं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "आई, माप कुठून घेतलंस?"

बाहेरून घेतलं होतं. माणसाचं माप अंगावरून घेतात, हाताला तीच सवय. आत काय दडलंय हे पाहायचं माझ्या मनातच आलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. सूनही चमकून बघायला लागली. "आता बघत काय बसलात? कुठून उसवायचं ते शोधू."

"उद्या परत करून छोटं आणतो," मुलगा म्हणाला.

"उद्या सुतार येणार. सरक."

मी आत हात घातला. पंखा पत्र्याला आतून चार स्क्रूंनी बसवलेला. पत्र्याच्या पुढे प्लॅस्टिकचं तोंड, आणि त्या दोघांमध्ये दोन बोटं पोकळी. "हा पंखा पत्र्याच्या बाहेरून का नाही लावत?"

"तो आतच असतो, आई."

"असतो म्हणजे? कुणी शपथ घातलीय?"

त्याने डोकं खाजवलं, तोंड काढलं, पंखा बाहेरून लावला, तोंड परत बसवलं. कार्ड अलगद आत गेलं. बटण दाबलं तर पडदा लख्ख!

शुक्रवारी सुतार आला, गिऱ्हाईक आलं, सोबत त्याची बायकोही. बाईंना ओटा खिडकीखाली हवा होता. सुतार म्हणाला, चित्र बदलायला आठवडा लागेल. मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून म्हणाली, "आई, थांबा. मी सांगते."

या घरात मला थांबा म्हणणारं आजवर कुणी नव्हतं. मी थांबले.

तिने ओटा उचलून खिडकीखाली ठेवला, नळ सरकवला, वरची कपाटं डावीकडे घेतली. बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसल्या. सुताराने घड्याळ पाहिलं, पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि मग बसायला मलाच जागा मागितली.