साचा विमानाने गेला

पेणच्या रामवाडीतल्या मूर्तिकार काळुरामांकडे कुणी गणपतीचा साचा मागितला, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. सख्ख्या भावाने मागितला तेव्हा दोघांचं बोलणं कितीतरी महिने बंद होतं. एकदा साचा बाहेर गेला की मूर्तीचं गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग जातं, हे पेणमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. आणि आज तोच रबरी साचा त्यांची सून नमिता धुसफुसत खोक्यात भरत होती. करणार काय, खुद्द सासऱ्यानेच सांगितलं होतं.

सगळी भानगड बोटीची. हॉलंडमधल्या मराठी मंडळाचे गणपती उन्हाळ्यातच न्हावाशेव्याहून निघाले होते. पण तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची म्हणून बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली, मधल्याच एका बंदरात कंटेनर उतरवला आणि पुढच्या बोटीत त्याला जागा मिळेना. चतुर्थी तोंडावर आली. विमानाने दुसरे पाठवावेत, तर पनवेलचा एजंट म्हणाला, मूर्ती पोकळ असली तरी ती जेवढी जागा अडवते तेवढं भाडं पडतं. ते भाडं मूर्तीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जात होतं. तेव्हा मंडळाच्या जितेशनेच मार्ग काढला. तो मूळचा रोह्याजवळच्या निडीचा. माती तिकडे मिळते, म्हणाला, घडी करून साचा तेवढा पाठवा.

नमिताला ते मुळीच पटलं नव्हतं. हॉलंडच्या ऑर्डरवर कारखान्याचा पावसाळा निघायचा. शिवाय तिथे जाणाऱ्या प्रत्येक मूर्तीचे डोळे ती स्वतः रेखायची आणि त्या डोळ्यांचा तिला भारी अभिमान होता. ती दोनदा बोलली, तिसऱ्यांदा आदळआपट केली.

काळुराम शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडं गणपती बसायला नको काय गो? बोटीचा राग त्यांच्यावर कशाला?"

साचा गेला. माती कशी दाबायची, कधी सोडवायची, ते काळुरामांनी रोज फोनवर समजावलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी जितेशचा व्हिडिओ कॉल आला. मूर्ती छान उतरल्या होत्या, रंगही झाला होता. फक्त डोळ्यांची जागा पांढरी होती.

"वहिनी, डोळ्यांना आम्ही हात लावलेला नाय," जितेश म्हणाला. "तुम्ही सांगा तसं करतो."

साचा गेला तरी डोळे रेखणारा हात आपलाच, एवढ्या एका गोष्टीवर नमिताने मनाची समजूत घातली होती. आता तेही देऊन टाकायचं? नुसतं जमणार नाही म्हणाली असती, तरी कुणी तिला बोल लावला नसता. पण ते पांढरे डोळे तिला बघवेनात. तिने ब्रश घेतला, समोरच्या मूर्तीवर रेघ हळूहळू ओढून दाखवली. श्वास कुठे रोखायचा तेही सांगितलं. तिकडे जितेशच्या बायकोने, अनिताने, पहिल्या मूर्तीवर तशीच रेघ ओढली. एक डोळा थोडा मोठा झाला. सगळे टाळ्या वाजवू लागले, आणि त्या आनंदात जितेश बोलून गेला की पुढच्या वर्षापासून आमचे गणपती आम्हीच करू, बोटीची कटकटच नको.

फोन बंद झाला. नमिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेली ना ऑर्डर, आबा?"

"व्हय, गेली," काळुराम म्हणाले. त्यांनी तिची समजूत काढली नाही. जितेशने पाठवलेला फोटो ते फोन लांब धरून बराच वेळ बघत राहिले.

"तू लग्न होऊन आलीस त्या साली पयल्यांदा डोळे केलेस, ते असेच लहानमोठे झाले हुते. गिऱ्हाईक मागत हुता ती मूर्ती. मी नाय दिली."

नमिताने वर बघितलं. "मग काय केलंत तिचं?"

"आपल्याच घरात बसवली ना."