खुशालरावांची ट्यूब

मी ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब. मला कोण विचारतं म्हणा. पण आज बोलल्यावाचून राहवत नाही.

माझं तरुणपण धारणीच्या घाटात गेलं. माल कुणाचा, खड्डे कुणाचे, भोग मात्र माझे! अंगावर ठिगळांना जागा उरली नाही, तेव्हा पंक्चरवाल्याने मला टपरीमागे फेकलं. तिथून उचललं खुशालरावांनी. मोर्शीकडच्या एका तलावावर मासे धरणारा हा माणूस. त्यांनी मला मधोमध सुतळीने विणलं आणि माझ्यावर बसून जाळी टाकू लागले. असा जीव लावणारा धनी मला कधी मिळाला नव्हता.

त्यांचा एक नेम होता. बुडणाऱ्याला माझ्यावर निजवायचं, आपण पाण्यात उतरायचं आणि माझी दोरी दातांत धरून काठ गाठायचा.

यंदा अमरावतीची हौशी मंडळी आली. तलावाला बचावबोट मिळावी म्हणून पोहून वर्गणी जमवायची होती. हार झाले, भाषणं झाली. पण सगळे तरणतलावात शिकलेले! मध्यावर वारा सुटला आणि बोटीसाठी पोहणारेच तिघे जण "वाचवा, वाचवा" ओरडू लागले.

काठावर तहसीलचे साहेब फोनवर सांगत होते, "प्रतिसाद यंत्रणा कार्यान्वित करण्याची कार्यवाही सुरू आहे."

"तुमची कार्यवाही होयेपर्यंत हे पोट्टे मरतीन ना!" खुशालरावांनी मला पाण्यात लोटलं.

"अवं, सकाळपासून छाती दुखून राहिली तुमची!" त्यांची बायको जाईबाई ओरडली. ऐकतो कोण?

एकाला आणलं. दुसरीला आणलं. तिसऱ्याला आणताना काठ हाताशी आला आणि माझी दोरी सैल पडली. पोरगा वाऱ्याने काठाला लागला. खुशालराव खाली गेले. मला हात नाहीत याचं एवढं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

त्यांना बाहेर काढून धोतर पांघरलं, तेव्हा साहेब पत्रकारांना सांगत होते, "नोंदणीकृत सहभागींमध्ये जीवितहानी निरंक."

"निरंक म्हंजे काय, साहेब?" जाईबाईने विचारलं.

"म्हणजे कोणी दगावलं नाही, बाई."

"मंग याईले उठवा ना."

साहेब माझ्याकडे वळले.

मला 'अप्रमाणित तरंगते साधन' म्हणून जप्त केलंय. साहेबांच्या कचेरीमागे पडून आहे. माझ्यातली ही हवा खुशालरावांनी त्याच सकाळी, दुखत्या छातीने पंप मारून भरलेली. रोज थोडी थोडी जाते आहे. ती सरायच्या आत मला कोणीतरी जाईबाईकडे नेऊन द्या हो.