सूर्यभानचा सकाळचा धडा

कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच साली हिवरखेडचा सूर्यभान शेती भावावर सोपवून अकोल्याला मास्तरकी शिकायला आला. पहिल्याच परीक्षेत नापास झाला. मी, त्याचा वर्गसोबती हरिहर, म्हणालो, “गावी परत जा.”

“काहून जाऊ? मी नुसतं पाठ करून राहिलो, समजून नाई घेतलं.”

मग तो रोज सकाळी एकच धडा वाचायचा आणि बाजारात कापूस घेऊन आलेल्या गाडीवाल्यांना समजावून सांगायचा. त्यांना कळला नाही, तर पुन्हा वाचायचा. आम्ही हसायचो. त्यानं एक दिवसही चुकवला नाही.

वर्षअखेरीस परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, ग्रहण का लागतं? आम्ही घडाघडा पाठ म्हटलं. सूर्यभाननं समजावून सांगितलं, आणि तो पहिला आला.

मी खाली मान घालून विचारलं, “उद्या मलाही बाजारात नेशील?”

“चाल ना,” तो म्हणाला.