अर्धी मिशी

"ही अर्धी मिशी घेऊन कोर्टात येऊ नको, मामा," भाची म्हणाली. "आजच्या दिवस उडव ती."

"निवडणूक जाहीर झाली?"

"नाही."

"मग राहू दे."

भाची माझी वकील. काळा कोट चढवला की तिला मामाचीही लाज वाटते, असं मी तिला चिडवतो. पण त्या दिवशी ती घाबरली होती. गुन्हा सिद्ध झाला असता तर माझा परवाना रद्द होऊन दुकानाला टाळं लागलं असतं. बापाने उभं केलेलं दुकान. भीती मलाही होतीच.

घडलं होतं ते एवढंच. नगरपालिकेची निवडणूक सरकारने ढकलता ढकलता पार गुंडाळून ठेवली होती. विचारायला गेलं की प्रशासकसाहेब 'बघू' म्हणायचे. आम्हा न्हाव्यांचं डोकं फिरलं. आम्ही दुकानातल्या खुर्च्या उचलल्या आणि पालिकेसमोरच्या फुटपाथवर मांडल्या. दाढी फुकट, मिशी मात्र अर्धीच उतरवायची. उरलेली अर्धी, निवडणूक जाहीर झाल्यावर. सुरुवात एकमेकांपासून केली आणि दुपारपर्यंत रांग लागली. दगड नाही, शिवीगाळ नाही, नुसता हशा. साहेबांना तोच झोंबला.

पोलीस आले तेव्हा माझ्या खुर्चीत निवृत्त मास्तर बसले होते, गळ्यापर्यंत फेस. फौजदाराने मागून माझा खांदा धरला, तसे मास्तर दचकले. मी सवयीने म्हणालो, "हलू नका, कापेल." जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय. फौजदाराने लिहिलं, आरोपीने आपल्यावर वस्तरा उगारून धमकी दिली. वर बेकायदा जमाव, घातक हत्यारं, सरकारी कामात अडथळा. शहाण्यांनी साबणाचा ब्रशसुद्धा जप्त केला.

खटला उभा राहण्याआधीच आरोप रद्द करावेत, असा अर्ज भाचीने केला होता. सुनावणीच्या आधी सरकारी वकील गोड हसत जवळ आले. "चूक झाली, असं दोन ओळींत लिहून द्या. आम्हीच खटला मागे घेतो."

"मामा, दुकान वाचेल," भाची हळूच म्हणाली.

"आणि लोकांना तोंड कसं दाखवू? तेही अर्धंच?"

ती हसली नाही. पण सुनावणीला उभी राहिली ती अशी काही सुटली, की मी बघतच राहिलो. पोलिसांनी काढलेला व्हिडिओच तिने लावायला सांगितला. त्यात माझी पाठ फौजदाराकडे होती आणि नजर मास्तरांच्या गालावर.

"वस्तऱ्यापुढे गळा होता तो मास्तरांचा," ती म्हणाली. "ते स्वतःहून रांगेत उभे राहून खुर्चीत बसले. आणि पोलिसांनी त्यांचाच जबाब घेतला नाही."

मागच्या बाकावर मास्तर ताठ उठून उभे राहिले. अर्ध्या मिशीसकट.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"हो, बाई. आमचं काहीही चुकलेलं नाही. वस्तरा आमचा, खुर्ची आमची, फुटपाथ सगळ्यांचा. निवडणूक मागणं हा गुन्हा असेल तर सरकारने तसं लिहावं, मी तुरुंगात जातो. वस्तऱ्याच्या आड कशाला लपायचं?"

भाचीने कपाळाला हात लावला.

न्यायाधीशबाईंनी कागद पुन्हा चाळले. शांतपणे बसून मागणी करणाऱ्यांना दंगलखोर म्हणता येणार नाही, धमकीला काही आधार दिसत नाही, सगळे आरोप रद्द, असं त्यांनी सांगितलं. जप्त केलेलं सामानही परत द्यायला सांगितलं. माझे डोळे भरून आले, ते मी सदऱ्याच्या बाहीला पुसले.

सामान ताब्यात मिळालं तसे आम्ही निघालो. मी खुर्ची दुकानात नेली नाही. तडक पालिकेसमोर नेऊन मांडली. भाची मागोमाग आली. आता ही ओरडणार, असं वाटलं. तिने कोट काढून माझ्या हातात दिला, खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला. कमरेपर्यंतचे केस. माझ्या बहिणीने लहानपणापासून जपलेले.

"अर्धे काप," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? उद्या कोर्टात उभी कशी राहशील?"

"तू राहिलास तशीच."

मी तिचा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला. वर प्रशासकसाहेब खिडकीत येऊन उभे होते. मी कात्री उचलली आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "हलू नकोस, कापेल."