वरचे चार कट

कोळणीकडून मासळी घ्या, पिशवीत भरता भरता ती वर दोन बांगडे टाकणारच. "ऱ्हाऊं दे गो, पोरांना तळून घाल!" रत्नागिरीत वाढलेल्या नीरजाच्या अंगात ही रीत अशी मुरलेली, की सीटी स्कॅनच्या खोलीतही ती सुटली नाही. आता स्कॅन म्हणजे काय मासळी आहे? पण माणूस हाताशी असेल तेच मायेनं देणार ना!

अठ्ठ्याण्णव साली सेंटरवर मशीन बसलं, तेव्हापासून ते नीरजाच चालवायची. बसवायला आलेल्या इंजिनियरने डोक्याच्या स्कॅनसाठी अडीचशेचा आकडा लावून दिला. आकडा किरणांचा, जितका मोठा तितकी फिल्म स्वच्छ. पोरांना कमी लागतो हे त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. उलट शेजारी चिकटपट्टी लावून तिने लिहून ठेवलं, 'हात लावू नये'. सेंटरचे डॉक्टर आगाशे फिल्म उजेडावर धरून म्हणायचे, "नीरजा, तुझ्या फिल्मला तोड नाही बघ!" की झालं, बाईसाहेब दिवसभर हवेत.

अक्षया वेळणेश्वरची, सहा वर्षांची. डोक्यात पाणी साठायचं म्हणून तान्हेपणीच तिला नळी बसवलेली. डोकं दुखलं, उलटी झाली, की नळी तुंबली का ते बघायला तिची आई मथुरा तिला एस्टीतून घेऊन यायची. चार वर्षांत नऊ वेळा. आणि नऊही वेळा डोकं झाल्यावर नीरजाने पार मानेपर्यंत चार कट, म्हणजे चार आडवे फोटो, जास्तीचे काढले. कुणी सांगितलेले नसताना. "हे वरचे हां, आमच्या अक्षयासाठी." मथुरा हात जोडायची.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये मुंबईच्या मैत्रिणीने, ऋजुताने, एका लेखाची झेरॉक्स पाठवली. नीरजाने ती डबा खाताना वाचली. पोरांच्या कोवळ्या अंगाला हे किरण जास्त बाधतात. पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होण्याची शक्यता थोडी का होईना, वाढते. निम्म्याहून कमी आकड्यावर काम भागतं, आणि नको तो भाग तर घेऊच नये.

तिने डबा संपवला, धुतला. रजिस्टर काढून अक्षयाचं नाव शोधलं आणि बोटावर नऊ मोजले. रडू यायला हवं होतं, आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तशी ती सगळीच होऊन बसली. दुपारचे तीन पेशंटही तिने तसेच केले.

चौथ्या दिवशी मथुरा दारात. "बाई, पोर परत ओकाय लागलीय."

नीरजाने चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि आकडा शंभरावर आणला. फिल्म खराब आली आणि तुंबलेली नळी दिसली नाही, तर पोरीच्या जिवाशी खेळ. परत काढायची म्हटलं तर पुन्हा तेवढेच किरण. एवढं सगळं कळत होतं, तरी हात थांबला नाही. कुणा दुसऱ्याचाच हात असावा, तसा तो चालला. डोकं झालं आणि तिने मशीन थांबवलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "जरा दाणेदार आलीय. पण नळी ठीक आहे, पाणी वाढलेलं नाही. सगळं दिसतंय की!"

"शंभरावर काढलीय," नीरजा म्हणाली आणि झेरॉक्स पुढे केली.

त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. "मग पोरांना आता हाच आकडा ठेव."

"आणि आधीचे नऊ?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आधीचं आता काय करणार आपण?" म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सगळं दिसत होतं. म्हणजे तेव्हाही दिसलं असतं, नऊच्या नऊ वेळा.

बाहेर बाकावर मथुरा पोरीची वेणी घालत होती. "बाई, आज ते वरचे चार नाय काढलात? आमचं काय चुकलं काय?"

"नाही हो. त्यांची गरज नव्हती."

"मग एवढे दिवस होती?"

"नव्हती. कधीच नव्हती." आपला आवाज नीरजाला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. "त्या किरणांनी पोरांना अपाय होतो. मला ठाऊक नव्हतं. माझी चूक झाली."

"काय होतं त्यानं?"

"बहुतेक काहीच नाही. पण झालं तर मोठी झाल्यावर होतं."

मथुराचे हात वेणीवर थांबले. पोरीच्या मानेकडे तिने बघितलं. मग तिने वेणी पुरी केली, रिबिनीची गाठ मारली.

"मुद्दाम थोडंच केलात? मायेनंच केलात ना," ती म्हणाली. दरवेळी आणायची तशी आमसुलांची पुडी तिने नीरजाच्या हातात दिली. मग पिशवीत हात घालून आणखी एक मूठ वर घातली.