खदानीच्या ढिगाऱ्यावरचा देव

आता बोला! पंचायतीत गळा फाटेस्तोवर भांडून मी जेसीबी आणला, आन डायवर हात जोडून उभा.

"दीदी, भगवान है. मेरे से नहीं होगा," टिंकू म्हणे. मशीन बंद करून त्यानं चपला बी काढल्या.

कुठचा भगवान, बाप्पा! आमच्या डोंगरावरची गिट्टीची खदान चार वर्षांपासून बंद आहे. कंपनी गेली, पण मलब्याचा ढिगारा आमच्या पाटावर सोडून गेली. डोंगराचं पाणी या पाटानंच तलावात येते. आता ते ढिगाऱ्याले अडते आन खदानीच्या खड्ड्यात जाऊन पडते. खड्डा गच्च भरला, तलाव कोरडा. इकडं बांध्यायमंदी धानाचे पऱ्हे जुने होऊन राहिले. या आठवड्यात रोवणी झाली नाही तं ते ढोरायलेच चारा. जेसीबी आजच्या दिवसाचा, उद्या चिचगडले जाणार. आन ढिगाऱ्याच्या माथ्यावर शेंदूर फासलेला दगड, नारळ, झेंडा!

दगड कोणी ठेवला ते साऱ्या गावाले माहीत आहे. माह्या सासऱ्यानं, परसराम मामाजीनं. खदानीतलाच दगड, शेंदूर आमच्या घरचा. तरी लोकं पाया पडतात. शेजारची शामकला तं मधातच येऊन उभी राहिली.

"पुष्पांजलीबाई, हात लावू नोका. याले नवस केला तवा माह्या गुड्डूले नोकरी लागली."

"कुठची नोकरी? ढाब्यावर ताटं धुते तो!"

"मंग? लागली तं खरी न!"

डोकं फुटाची पाळी आली. तेवढ्यात मामाजी काठी टेकत वर चढले आन दगडापाशी बसले.

"याले कोणी हटवायचं नाही."

"काऊन? मामाजी, आपण कोहळी माणसं. तलाव आपल्याच लोकायनं बांधला. तो कोरडा पडून राहिला आन तुमी त्याच्या पाण्यावर देव बसवून राहिले? तुमीच ठेवला न हा? मंग तुमालेच कायचा भेव?"

मामाजी दगडाकडं पाहत बोलले, "खदान चालू होती तवा ढिगारा पाट बुजवून तलावाकडं उतरून राहिला होता. पंचायतीत गेलो, कोणी आयकलं नाही. तहसीलात गेलो, चहा पाजून वापस लावलं. मलब्याच्या टरकापुढं आडवा झालो, तं आपल्याच गावच्या पोरायनं उचलून बाजूले केलं, मजुरी बुडते म्हणे. मंग हा ठेवला. दुसऱ्या दिवशी टरक आला आन थांबला. याच्यापुढं थांबला. माह्यापुढं नाही थांबला. उद्या कंपनी वापस आली तं मी कोणाले उभं करू?"

राग तं असा आला होता, पण काढू कोणावर? गावातले ते पोरं आता लेकरायचे बाप झाले, तिथंच उभे होते. सारे खाली पाहत होते.

"तलावाच्या पाळीवर, बांधावर बसवा त्याले," मी म्हणलं. "पण पाणी येऊ द्या, मामाजी. तलावच नाही राहिला, तं हा राखंल काय?"

मामाजीनं दुपट्टा पसरला, दगड त्यात घेतला आन खांद्यावर टाकला. कोणाले हात लावू देल्ला नाही. पाळीवर गेल्यावर दगडाचं तोंड डोंगराकडं केलं.

"देवाचं तोंड पूर्वेकडं पाहिजे," शामकला बोललीच.

"चूप. त्याले खदान दिसली पाहिजे."

टिंकूनं चपला घातल्या, मशीन सुरू केली. दुपारपर्यंत ढिगारा फुटला आन मातकट पाणी पाटानं तलावाकडं धावलं. सारं गाव पाहायले पळालं. मामाजी तेवढे पाळीवर, दगडाच्या बाजूले, डोंगराकडं तोंड करून बसलेले.

"मामाजी, चला न! पाणी आलं!" मी वरडली.

"तुमी जा," ते म्हणे. "इथं कोणीतरी पाहिजे."